गोळीवरचा मुलामा

तीनला दहा मिनिटं कमी होती आणि अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं. फक्त डाव्या. उजवा डोळा कोरडा ठणठणीत. हातातला चिमटा त्यांनी पाटावर ठेवला, गळ्यातल्या सोन्याच्या साजाचं अर्धवट झालेलं पान डबीत टाकलं, शेगडीवर राख ओढली आणि मला म्हणाले, "सूनबाई, पाहुणा आलाय. मी दार लावून घेतो."

मी भाबडी. चहाचं आधण ठेवलं, पदर सावरला आणि बोळाच्या टोकापर्यंत बघून आले. पाहुणा कुठंच नव्हता. परत आले तर मधल्या खोलीला आतून कडी होती आणि आत कुणीतरी भिंतीवर काहीतरी आपटत होतं.

ते अण्णांचं डोकं होतं.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे, वामनराव पोतदार, कोल्हापूरच्या गुजरीमागच्या बोळातले सोनार. पुढं दुकान, मागं घर. साज घडवावा तो वामन सोनारानंच, असं बायका म्हणायच्या. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. माझा नवरा सुहास साखर कारखान्यात केमिस्ट. गळीत हंगाम सुरू झाला की पंधरा-पंधरा दिवस तिकडंच. म्हणजे घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही एकमेकांशी इतके अदबीनं वागणारे की बघणाऱ्याला कंटाळा यावा. ते मला 'तुम्ही' म्हणायचे. मी त्यांच्यासमोर शिंकसुद्धा दाबून धरायची.

त्या दिवशी मी दार बडवलं, हाका मारल्या, रडले आणि शेवटी मागच्या बोळातून कृष्णाआत्यांना बोलावून आणलं. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. त्यांनी मला दारापासून ओढलंच.

"ओरडू नगंस. त्यास्नी आवाज सोसत नाही. माघ आला की येतंय हे दुखणं, दीड महिना राहतंय, जातंय. रोज तीनच्या ठोक्याला. वैनी होती तवा वैनी बसायची हितं दाराशी. आता तू बस."

"नुसतं बसून काय करू?"

"काय करायचं नाही. दाराभाईर माणूस हाय एवढं त्यांना कळलं की झालं."

मी बसले. सव्वाचारला कडी निघाली. अण्णा बाहेर आले. डोळा लालभडक, कपाळावर टेंगूळ, अंगातला सदरा घामानं भिजलेला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "चहा टाका सूनबाई," आणि जाऊन पुन्हा पाटावर बसले.

असे नऊ दिवस मी त्या दाराशी बसले. दहाव्या दिवशी सुहास आला आणि आम्ही तिघं डॉक्टर शिरगुप्प्यांकडे गेलो. त्याआधी वीस वर्षांत अण्णांच्या दोन चांगल्या दाढा काढून झाल्या होत्या, तीन चष्मे बदलून झाले होते, सायनस म्हणून नाकात काय काय घालून झालं होतं. शिरगुप्प्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही अर्धशिशी नाही. ह्याचा मोसम असतो, ह्याची वेळ ठरलेली असते. ह्याला क्लस्टर हेडेक म्हणतात."

"मी पाहुणा म्हणतो," अण्णा म्हणाले.

"तुमचं नाव जास्त बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. मग माझ्याकडं वळले. "दुपारी एक, रात्री एक. पोटभर जेवल्यावरच द्यायची. पहिले काही दिवस पोट कुरकुर करेल, तसं झालं तर मला कळवायचं."

त्यातलं 'पोटभर' तेवढं मी पदरात घट्ट बांधून आणलं. बाकीचं जिन्यावरच सांडलं.

गोळ्या गुलाबी होत्या, गुळगुळीत, चकचकीत. अण्णांनी पहिली गोळी हातात घेतली तेव्हा दागिना पारखावा तशी उजेडात फिरवून बघितली होती. मला ते गमतीचं वाटलं, इतकंच.

गोळ्या सुरू झाल्यावर पाहुण्याचा जोर ओसरत गेला, कडी लावायची वेळ आली नाही, आणि गोळ्यांच्या आठव्या दिवशी तीन वाजले. भिंतीवरच्या घड्याळानं तीन ठोके दिले. अण्णा पाटावर, मी उंबऱ्यात. दोघंही घड्याळाकडं बघत. सव्वातीन झाले. साडेतीन. अण्णांनी डाव्या डोळ्याला बोट लावून बघितलं. कोरडा.

"चुकला वाटतं पत्ता," ते म्हणाले.

मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली. त्या दिवसानंतर पाहुणा आला नाही आणि माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. पोटभर जेवायला घालायचं ना? मग घालते. अण्णांना काय आवडतं ते आत्यांना विचारलं.

"सोनार माणूस, दिवसभर आगीपुढं बसतंय, त्याला मिळमिळीत कसं चालंल?" आत्या म्हणाल्या. "झणझणीत पायजे. मिरचीचा खर्डा, भरलं वांगं, कटाची आमटी. ही घे माझी चटणी, वरनं घाल."

मी वरनं घातली. दुपारी एकला ताट मांडायची, दोन भाकऱ्या, वांग्यावर बोटभर तर्री, कडेला खर्डा, आणि समोर पाटावर बसून अण्णांच्या तोंडाकडं बघत राहायची. अण्णा शेवटच्या घासापर्यंत जेवायचे. "कसं झालंय अण्णा?" मी विचारायची. "झकास," अण्णा म्हणायचे. रोज. "आणखी अर्धी भाकरी वाढू?" "वाढा."

माहेरी माझ्या हाताला चव नाही म्हणून आई डोक्याला हात लावायची. मी इस्लामपूरला पत्र लिहून कळवलं की सासऱ्यांना माझ्या हातचं फार आवडतं. ते पत्र आईनं जपून ठेवलं होतं. तिच्या माघारी ते मला सापडलं तेव्हा मला हसू आलं आणि मी ते पुन्हा घडी घालून ठेवलं.

त्या दिवसांत आम्ही जरा बोलायलाही लागलो होतो. जेवणं झाली की मी दुकानात जाऊन बसायची. एकदा एक बाई पितळेच्या पाटल्या घेऊन आल्या, वर सोन्याचा मुलामा द्या म्हणाल्या. अण्णांनी पाटल्या परत सारल्या. "हे काम आमच्याकडं होत नाही." बाई गेल्यावर मला म्हणाले, "मुलामा म्हणजे खोटं बोलणं. तोंडानं मी कधी बोललो नाही, हातानं कशाला बोलू?"

दुसऱ्या एका दिवशी ते साजाच्या पानाला कडी जोडत होते. फुंकणीनं आच मारायच्या आधी त्यांनी वाटीतला ओला गेरू काडीनं घेतला आणि पानावरच्या एका जुन्या जोडावर फासला.

"चांगलं सोनं लाल कशाला करता?" मी विचारलं.

"आता हितं डाख देऊन नवा जोड करणार. आच लागली की शेजारचा जुना जोड वितळून सुटणार. त्याला गेरू फासला की आच त्याच्यापर्यंत जात नाही. काम झालं की गेरू धुऊन टाकायचा."

मला ते फार आवडलं. मी सुहासला फोनवर सांगितलं, तुझ्या वडलांनी मला आज धंद्यातलं गुपित सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मला कधी सांगितलं नाही."

पण एवढं सगळं असून अण्णा वाळत चालले होते. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. गालफडं बसली. मी त्याचा अर्थ लावला की दुखण्यातून उठलेलं माणूस, आणखी खायला हवं. वांग्यावर आणखी तर्री.

आणि एक गोष्ट रोज माझ्या कानावर पडत होती, पण मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. जेवण झालं की अण्णा मागच्या मोरीत जायचे आणि नळ पूर्ण सोडायचे. चांगला पाच-सात मिनिटं पाणी धो धो वाहत राहायचं. आता सोनाराच्या घरात एवढं तरी सुनेला कळायला हवं होतं. सोनार हात धुतो तो घमेल्यात. हाताला, नखात सोन्याचा कण असतो, ते पाणीसुद्धा फेकत नाहीत. गाळ साठवून, त्यातलं सोनं वेगळं काढणाऱ्या झारेकऱ्याला देतात. वामन सोनार आणि नळ सोडून बसलाय, हे मला खटकायला हवं होतं.

पत्ता चुकल्याला बारा दिवस झाले असतील. दुपारचं जेवण उरकलं होतं. अण्णा पाटावर बसले होते, फुंकणी तोंडाला, एका हातात चिमटा. हातानंच त्यांनी खूण केली, फडताळातून गेरूची वाटी द्या. मी चुकून खालचा खण ओढला.

त्या खणात पुड्या होत्या. कानस मारताना पडलेला कीस अण्णा वाया घालवत नसत. प्रत्येक पुडीवर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: साज, चिताक, बोरमाळ. एका पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. ती सुटली होती. आत गुलाबी पूड होती. पुडीशेजारी गोळ्यांची पट्टी आणि त्यांची सगळ्यात बारीक कानस.

"अण्णा, ही गुलाबी पूड कसली?"

फुंकणी थांबली.

"तो खण नव्हं. वरचा."

"पण ही कसली आहे?"

"गोळ्यांची." त्यांनी फुंकणी खाली ठेवली. मग गिऱ्हाईकाला समजावावं तसं समजावायला लागले. "वरचा मुलामा काढून टाकतो मी. कानसीनं. आतनं गोळी पांढरी हाय बघा. पांढऱ्या गोळीला गुलाबी रंग कशाला चढवायचा? आतला माल झाकायला. तोच रंग पोटाला लागतोय."

"पोटाला लागतोय?"

झालं. इतके दिवस जे झाकलं होतं ते तोंडून निसटलं. अण्णांनी मान वळवली. सासऱ्यानं सुनेशी पोटाच्या तक्रारी बोलायच्या नसतात, उलटीबिलटी तर नाहीच, अशा वळणाचे ते. पण आता इलाज नव्हता.

"जळजळतंय. मळमळतंय."

"कधीपासून?"

"गोळ्या सुरू झाल्यापासनं. पहिल्यांदा कमी होतं. मग मी कानस लावायला लागलो."

"मग?"

"मग वाढलं."

"वाढलं तर थांबायचं ना अण्णा!"

"मला वाटलं, मुलामा नीट निघाला नाही. मग आणखी बारीक कानस घेतली."

मला हसावं की रडावं कळेना. आणि मग एकदम मोरीतला नळ आठवला. रोजचा. जेवणानंतरचा.

"नळ सोडून तुम्ही उलट्या करता?"

मी खणातली पट्टी उचलली तसा अण्णांनी हात पुढं केला. पट्टी माझ्या हातातून घेतली आणि शेगडीशेजारच्या टोपलीत टाकली. "आजपासनं बंद. ह्या वयात आतडी जाळून घ्यायची नाहीत मला."

"आणि पाहुणा?"

"येऊ दे. वीस वर्षं सोसलाय, नवा हाय का तो?" असं म्हणाले खरं, पण त्यांचा हात आपोआप डाव्या कानशिलाकडे गेला होता. तो हात मी बघितला. भिंतीवरचा तो आवाज मला पुन्हा ऐकू आला, धप्, धप्, आणि मी दाराबाहेर गुडघ्यात तोंड घालून बसलेली. नऊ दिवस. आयुष्यात इतकी लाचार मी कधी झाले नव्हते.

"मी त्या दाराशी पुन्हा बसणार नाही, अण्णा," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा लागला की समोरच्या दुकानातल्या माणसानं वर बघितलं. "तुम्ही आत डोकं फोडून घ्यायचं आणि मी बाहेर नुसतं बसायचं, हे मला जमणार नाही. सासूबाईंना जमत होतं, मला नाही जमणार."

सुनेनं सासऱ्यावर आवाज चढवला होता, तोही दुकानात, रस्त्यासमोर. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मी टोपलीतून पट्टी उचलली, त्यांच्या डोळ्यांदेखत दुकानातला फोन ओढला आणि डॉक्टर शिरगुप्प्यांचा नंबर फिरवला.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कानसीनं? आणि पूड जपून ठेवलीय?"

"हो."

"बाई, तो रंग नाही. ते गोळीवरचं कवच आहे. औषध पोटाला बोचतं, म्हणून गोळी पोटात उघडू नये अशी सोय केलेली असते. पोट ओलांडून पुढं आतड्यात गेली की मग ती विरघळते. हे गृहस्थ कवच काढून सगळं औषध थेट पोटात ओततायत." मग म्हणाले, "जेवतात काय?"

"भरपूर!" मी म्हणाले. एवढी एक गोष्ट तरी मी चोख केली होती. "दोन भाकऱ्या, भरलं वांगं, कटाची आमटी, खर्डा…"

पलीकडून त्यांनी मला मधेच तोडलं.

"तुम्ही दोघांनी मिळून त्या पोटाचं काय मांडलंय?" डॉक्टर म्हणाले. "तिखट आजपासून बंद. मऊ भात, दूध, केळं. गोळी अख्खी, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. मनानं बंद करायची नाही. उद्या एकदा तपासायला घेऊन या. आणि चार दिवसांत मळमळ थांबली नाही तर दुसरं औषध बघू, औषधं पुष्कळ आहेत. फक्त मला सांगत चला."

मी फोन ठेवला आणि ते जसं बोलले तसं अण्णांना सांगितलं. कवच, पोट, आतडं. अण्णांनी पट्टीतली एक गोळी काढून तळहातावर घेतली. बोटानं फिरवली. मग त्यांची नजर हळूहळू वरच्या खणाकडं गेली. उठून त्यांनी गेरूची वाटी स्वतः काढली, गोळीशेजारी ठेवली आणि दोन्हीकडं बघत राहिले.

"म्हणजे हा मुलामा नव्हंच," ते म्हणाले. "हा गेरू हाय. जोड सुटू नये म्हणून फासलेला. आणि मी येडा रोज तो खरवडून आच मारतोय." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पन्नास वर्षं गेरू लावतोय की मी!"

ते हसले. मीही हसले. पण एक गोष्ट मला विचारायचीच होती.

"अण्णा, पोट जळत होतं, तर दोन-दोन भाकऱ्या का खाल्ल्यात? 'वाढा' का म्हणालात? रोज 'झकास' का म्हणालात?"

अण्णा गेरूच्या वाटीत काडी फिरवत बसले.

"सांगा ना."

"तुम्ही आईबापाचं घर सोडून आलाय," ते म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "नवरा पंधरा-पंधरा दिवस नाही. आल्या आल्या म्हाताऱ्याचं हे दुखणं गळ्यात पडलं. तुम्ही सकाळपासनं राबून ताट मांडता आणि माझ्या तोंडाकडं बघत बसता. लहान पोरीसारखं. त्या तोंडाला 'नको' म्हणायचं धाडस नाही झालं मला."

"म्हणून रोज खोटं बोललात?"

"म्हणून बोललो."

पितळेच्या पाटल्या परत सारणारा माणूस, मुलामा म्हणजे खोटं बोलणं म्हणणारा. त्यानं आयुष्यात एकदाच मुलामा दिला, तो माझ्या वांग्याला. मी तोंडात पदर कोंबला आणि आत पळाले. कितीतरी वेळ चुलीपुढं बसून रडले. राग होता, लाज होती, आणि कुणीतरी आपल्यासाठी इतकं गिळलं ह्याचं नवल होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोट दाबून, रक्त तपासून बघितलं आणि फार नुकसान नाही म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. आत्यांची चटणी मी त्यांना बरणीसकट परत केली. त्यांनी विचारलं, "का गं, संपली न्हवं?" मी म्हटलं, "आत्या, चटणीनं तिचं काम केलं."

मग मऊ भात सुरू झाला. गुरगुट्या भात, वर तूप, मेतकूट, कधी दूध. अण्णा थोडं जेवायचे, गोळी अख्खी गिळायचे, पेलाभर पाणी प्यायचे. मी तोंडाकडं बघत बसायचं सोडलं होतं. पाठ करून काहीतरी आवरत राहायची, म्हणजे त्यांना खोटं बोलावं लागू नये. पहिल्या दिवशी नळ वाहिला. दुसऱ्या दिवशीही, पण थोडाच वेळ. तिसऱ्या दिवशी मी कान लावून बसले, तर मोरीतून घमेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. अण्णा हात धूत होते.

पाचव्या दिवशी एका नवरीच्या साजाचं माप घ्यायला माणसं आली आणि बसलीच. आम्हाला जेवायला अडीच वाजून गेले. मी घाईघाईनं भात वाढला, तूप सोडलं, ताट पुढं ठेवलं आणि पाठ केली. मागून घास कालवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना.

माझा हात थांबला. पुन्हा मळमळलं की काय? की डोळा? मी वळून बघितलं. अण्णा ताटाकडं बघत होते. दोन्ही डोळे कोरडे होते.

"रेवती," ते म्हणाले.

पाच महिन्यांत त्या माणसानं माझं नाव कधी घेतलं नव्हतं. हाक मारली तर सूनबाई, बोलले तर तुम्ही.

"काय अण्णा?"

"मीठ कमी पडलंय गं पोरी." आणखी एक घास घेतला, चावला, विचार केला. "आणि भात खाली लागलाय. करपट वास येतोय. तू काय, चुलीवर ठेवून झोपलीयस काय?"

"आणते मीठ," मी कशीबशी म्हणाले आणि आत गेले. मिठाची बरणी समोरच होती. ती दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी फडताळाला टेकले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. बाहेर घड्याळानं तीन ठोके दिले. एक, दोन, तीन. कडी वाजली नाही. भिंत वाजली नाही. ताटावर बोटं फिरत होती, आणि थोड्या वेळानं अण्णांचा चांगला खणखणीत आवाज आला,

"अगं, मीठ आणायला गेलीस का मिठागर बांधायला?"